चिंचांचा रस्ता

“दोन्ही बाजूंनी चिंचा आहेत,” गुरवबाई म्हणाल्या. “जुन्या. दोघींनी मिळून कवेत घ्यायच्या म्हटल्या तरी हात पुरायचे नाहीत. वर फांद्या एकमेकींत गेल्यात. ऊन म्हणून खाली येत नाही.”

मी जोडसायकलच्या मागच्या सीटवर बसून पायडल मारत होते आणि माझे दोन्ही हात कोपरापासून खाली चांगले भाजत होते.

ऊन ही गोष्ट मला कुणी सांगावी लागत नाही. सातव्या वर्षी गोवरात माझे डोळे गेले, तेव्हापासून ऊन-सावली मी कातडीनेच ओळखत आले आहे. झाडांखालून जाताना आवाजही बदलतो. साखळीची कुरकुर वर जाऊन परत खाली आल्यासारखी वाटते. इथे ती नुसतीच चहूकडे पसरून नाहीशी होत होती. शेजारून एक कंटेनर गेला, त्याचा वारा आला आणि पुढे कितीतरी वेळ काहीच आडवं आलं नाही. असल्या रस्त्यावर झाड कसलं, झुडूपही नसावं.

“पिकल्या आहेत का चिंचा?” मी विचारलं.

“अजून हिरव्या आहेत. गतिरोधक आला, सांभाळ.” आणि खरोखरच गतिरोधक आला.

तेच कोडं होतं. खड्डा, गतिरोधक, चढ, उतार, आडवी आलेली म्हैस यांपैकी काहीही सांगायला बाई चुकत नसत. चूक व्हायची ती फक्त झाडांची.

सायकल यात्रेचं हे माझं पहिलंच वर्ष. सांगलीहून निघायचं आणि मुक्काम करत करत जागतिक दिव्यांग दिनाला लातुरात पोचायचं. गावोगावच्या साध्या शाळांनी अपंग मुलांना दारातून परत पाठवू नये, त्यांच्या मदतीला वर्गात माणूस असावा, त्यासाठी वाटेत सभा घ्यायच्या आणि निधी जमवायचा. आमच्यासारख्यांसाठी जोडसायकली होत्या. पुढे डोळस, मागे आंधळा. यात्रेतली भाषाही तशीच, ‘पुढची’ आणि ‘मागची’. मागचीला ब्रेक नसतो, तिच्या हातातलं हँडल वळत नाही आणि दोघींची पायडलं एकाच साखळीला जोडलेली असतात. म्हणून एक नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून घोकून घेतला होता. पुढचीनं बोलत राहायचं. जे दिसेल ते सांगायचं. गप्प बसायचं नाही.

मी जयसिंगपूरची. बँकेत टेलिफोनवर बसते. घरी आईने निघेपर्यंत धोशा लावला होता की जायचंच असेल तर जीपमध्ये बस, खिडकीतून हात हलव, तेवढं पुरे. यात्रेच्या मागे एक जीप असायची. ज्याला झेपत नाही त्याला ती चालवणारे अस्लमभाई तिच्यात घालत. लहानपणापासून मला सगळ्यांनी असंच उचलून इकडून तिकडे ठेवलं आहे, लग्नाच्या वऱ्हाडात, देवाच्या दारात, दवाखान्यात. एकदा तरी कुठेतरी स्वतःच्या पायांनी पोचायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कुणाला ते हट्टीपणाचं वाटलं तर वाटो.

माझ्या वाट्याला ‘पुढची’ म्हणून सिंधू गुरव आल्या. साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. सगळे त्यांना गुरवबाई म्हणत. साठीकडे झुकलेल्या, पण मांड्या लोखंडाच्या. आणि जीभ अशी, की वाटेतलं शेत त्या सांगू लागल्या की मला सात वर्षांपर्यंत पाहिलेले सगळे रंग आठवायचे. दुसऱ्या मागच्या माझा हेवा करत. एकीच्या वाट्याला आलेला मुलगा ‘रस्ता आहे, पुढं पण रस्ताच आहे’ एवढंच सांगायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका शाळेच्या व्हरांड्यात आम्ही पाय पसरून बसलो होतो. बाई माझ्या पोटऱ्यांना तेल चोळत होत्या. मी विचारलं, एवढं छान सांगायला कुठं शिकलात?

“शकूनं शिकवलं,” त्या म्हणाल्या.

शकू त्यांची धाकटी बहीण. जन्मापासून दिसत नव्हतं. वडील गावच्या देवळात पूजेला असायचे. नदीपलीकडे हायस्कूल झालं तसं त्यांनी सिंधूला जुनी सायकल घेऊन दिली, तर ही शकूलाही मागच्या कॅरिअरवर घालून नेऊ लागली. आंधळ्या मुलीला शाळा कोण देणार तेव्हा? पण हेडमास्तर भला माणूस होता. तो म्हणाला, पटावर नाव घेता येणार नाही, मागं बसून ऐकायचं तर ऐकू दे. शकू मागे बसून ऐकायची आणि पुढे बसलेल्यांपेक्षा जास्त लक्षात ठेवायची. जाता-येता तिला सगळं सांगावं लागे. एखादं झाड राहिलं तर भांडायची.

“आणि तिचं एक काम होतं,” बाई म्हणाल्या. “वाटेत नदीवर ओलांडायला फरशी होती. कठडा नसलेली, बुटकी. पावसाळ्यात तिच्यावरनं पाणी जायचं. गढूळ पाण्यात मला काय दिसणार, घोटाभर आहे का कंबरभर? मी विचारायची, पाणी किती आहे गं? ती कान देऊन ऐकायची आणि सांगायची. तिनं जा म्हटलं की जायचं, नको म्हटलं की घरी. तिचा कान कधी चुकला नाही.”

मला फार आवडली ती शकू. मी म्हटलं, मग पुढं काय झालं?

“पुढं काय, शाळा संपली,” बाई म्हणाल्या आणि तेलाची बाटली बंद करून उठल्या.

तिसऱ्या दिवशी त्या चिंचा सुरू झाल्या. बाईंचं माहेर याच बाजूला होतं हे मला ठाऊक होतं, म्हणून त्यांना जास्तच उत्साह आला असेल असं आधी वाटलं. पण हात भाजत होते ते भाजतच होते. दुपारी जेवायला थांबलो तेव्हा पाणी भरण्याच्या निमित्ताने मी अस्लमभाईंना गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की इथल्या चिंचा किती जुन्या असतील?

“कसल्या चिंचा, ताई? रस्ता चौपदरी केला तेव्हाच सगळी झाडं तोडली. नुसता सिमेंटचा तवा झालाय. एक झाड दाखवा, बक्षीस देतो.”

आंधळ्या माणसाला खोटं सांगणारे जगात पुष्कळ असतात, भाजीवाल्यापासून सख्ख्या मावशीपर्यंत. त्याची मला सवय आहे. पण बाईंच्या आवाजात खोट्याचा वासही नव्हता. त्या झाडं बघत होत्या. फांदीवरचं मोहोळ त्यांनी सांगितलं होतं, एका बुंध्याला ठोकलेला घोड्याचा नाल सांगितला होता. जे नाही ते जिला दिसतं, तिला जे आहे ते दिसतं का? आणि मी तिच्या मागे बिनब्रेकची बसलेली.

अस्लमभाईंना सांगणं हाच शहाणपणा होता. पण सांगितलं असतं तर बाईंना उतरवलं असतं, जादा ‘पुढची’ कुणी नव्हती आणि लातूरपर्यंत मी जीपमध्ये बसून खिडकीतून हात हलवला असता. मी मनाशी वाद घालत राहिले. खड्डे तर बरोबर सांगतात. कुणाला एवढंसं काही दिसत असेल तर दिसू दे. शेवटी मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मलाही त्या चिंचा हव्याशा झाल्या होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी लवकर निघालो. आम्ही दोघी सगळ्यांच्या पुढे होतो. ऊन नुकतंच वर आलेलं, माझ्या उजव्या गालावर पडत होतं. बाईंचं सांगणं चालू होतं. ज्वारीला कणसं धरलीत, बांधावर लाल लुगड्यातली बाई आहे, कुत्रं आहे पण झोपलेलं आहे. मग म्हणाल्या, “डावीकडं वळतोय.”

वळलो. चाकाखालचं सिमेंट संपलं, खडी आली, मग मऊ फुफाटा. ट्रकांचे आवाज उजवीकडे, वर कुठेतरी उंच गेले. मला वाटलं रस्त्याचं काम चालू असेल, वळसा दिला असेल. आणि एकाएकी गालावरचं ऊन गेलं.

हातांवर गारवा उतरला. साखळीची कुरकुर वर जाऊन परत खाली आली. चाकाखाली वाळक्या शेंगा कटकट फुटू लागल्या आणि आंबट वास नाकात शिरला. चिंचा होत्या! दोन्ही बाजूंनी, अगदी बाईंनी सांगितल्या तशा. मला इतका आनंद झाला की रडू यायला लागलं. बाई खऱ्या ठरल्या, अस्लमभाईच खोटे, असं वाटून मी मोठ्याने काहीतरी बोलणारही होते.

तेवढ्यात ध्यानात आलं की बाई बोलत नाहीयेत.

किती वेळ त्या गप्प होत्या कोण जाणे. झाडं आली आणि त्यांचं सांगणं बंद झालं होतं. सायकल उताराला लागली होती. उतार आहे हे त्यांनी सांगितलं नव्हतं. पायडलं आपोआप फिरत होती, माझ्या पायांना ती ओढून नेत होती. मी ‘बाई’ म्हणून हाक मारली, उत्तर नाही. पुढून शेवाळाचा ओला वास आला. पाण्याचा आवाज मी शोधला, तर तो एवढासाच होता, नळ नीट बंद न केल्यावर येतो तेवढा. नोव्हेंबर संपत आला होता, नदीत पाणी असणार कुठलं.

“पाणी किती आहे गं?”

आवाज बाईंचाच होता. पण कोवळा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा असावा तसा, किंचित धापा टाकणारा.

पाणी नव्हतंच. घोटाभरही नव्हतं. खरं उत्तर ‘जा’ हेच होतं, आणि मी ते देणार होते.

“ताई, लई आहे,” मी म्हणाले. “आज नको. आज घरी जाऊ.”

ब्रेक लागले. मागचं चाक घसरून आडवं झालं, मी बाईंच्या पाठीवर आदळले आणि दोघी पाय टेकून उभ्या राहिलो. पुढच्या चाकाजवळचा एक दगड सुटला. तो गेला आणि काहीच आवाज आला नाही. मग बऱ्याच वेळाने, खूप खालून, खडकावर टक्‌ असं वाजलं.

बाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गारठला होता. त्यांनी सायकल मागे घेतली, मला मागे घेतलं आणि चढावर बऱ्याच वर आल्यावर एका झाडाला टेकवून बसवलं. बुंधा मी चाचपला. दोघींच्या कवेत मावला नसता. हाताला लोखंड लागलं. घोड्याचा नाल होता.

“फरशी निम्मी वाहून गेलीय,” बाई म्हणाल्या. आवाज पुन्हा त्यांचा, साठीचा झाला होता. “पुढं काही नाही. दोन पुरुष खोल आहे.”

मी म्हटलं, तुम्हाला दिसली नाही?

“मला सगळी दिसली. आख्खी होती.”

मग मी न विचारताच त्यांनी सांगितलं. परतीचा पाऊस होता. त्या दिवशी तपासणीचे साहेब शाळेत येणार होते. हेडमास्तरांनी त्यांच्याकडे शब्द टाकला होता की या मुलीची तोंडी परीक्षा घ्या आणि पसंत पडली तर तिचं नाव पटावर घ्या. शकू पहाटेपासून तयार होऊन बसली होती. आईनं वेणीत अबोली माळली होती. फरशीवर पाणी चढलं होतं. सिंधूनं रोजच्यासारखं विचारलं.

“ती म्हणाली, कमी आहे ताई, जा.” बाई म्हणाल्या. “मी कशी वर आले मला ठाऊक नाही. ती तिसऱ्या दिवशी सापडली. सगळे म्हणाले, आंधळ्या पोरीच्या कानावर विसंबलीस? कान चुकला तिचा. मी कुणाला उलटून बोलले नाही. पण तिचा कान कधी चुकला नव्हता, पद्मा. त्या दिवशीपण चुकला नव्हता.”

मला ते कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा मी त्यांचा हात धरला. मीही तसंच म्हणाले असते. पटावर नाव येणार असतं तर मीसुद्धा म्हणाले असते, कमी आहे, जा.

एवढ्यात झाडांतून अस्लमभाई धावत आले. नव्या उंच पुलावरून जाताना त्यांना खाली आम्ही दोघी मोडक्या फरशीच्या तोंडाशी दिसलो होतो. त्यांनी आधी देवाचं नाव घेतलं, मग आमची चांगलीच खरडपट्टी काढली. रस्ता चुकला म्हणावं, तर हा रस्ता बंद होऊन जमाना झाला, तोंडाशी काटे टाकलेत, ते काटे ओलांडून आलात कशा? काटे आम्हाला लागले नव्हते. बाईंनी कसलीही सारवासारव केली नाही. माझंच चुकलं, मला जुना रस्ता दिसत होता, मी जीपमध्ये बसते, असं त्या सरळ म्हणाल्या. अस्लमभाई म्हणाले की दोघींनीही जीपमध्ये बसायचं, विषय संपला.

मी उठून सायकलचं मागचं हँडल घट्ट धरलं.

“मी जीपमध्ये बसणार नाही,” मी म्हणाले. “आणि बाईंच्या मागंच बसणार. फक्त आता मीपण बोलत राहणार. सावली नसली की सांगणार, बाई, ऊन आहे.”

अस्लमभाईंनी वाद घातला, संयोजकांना फोन लावला, तो लागला नाही. शेवटी स्वतःशीच पुटपुटत त्यांनी आमची सायकल वर हमरस्त्यावर नेऊन ठेवली आणि तिथून लातूरपर्यंत आमच्या मागच्या चाकाला जीप चिकटवून चालवली. नवा पूल ओलांडताना बाई एक शब्द बोलल्या नाहीत. उंचावरचा वारा अंगाला लागत होता. नियम मोडला म्हणून मी काही म्हटलं नाही. पूल संपल्यावर त्या म्हणाल्या, “सिमेंटचा रस्ता आहे. झाड नाही.” मी म्हटलं, हो, ऊन आहे.

लातुरात ढोल-ताशे होते, हार होते, भाषणं होती. मी माझ्या पायांनी पोचले. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी रागावली आणि मग रडली. त्या यात्रेतून उभ्या राहिलेल्या निधीतून पुढे त्या भागातल्या शाळांत मदतनीस आले, तिथं आता चार-सहा मुलं शिकताहेत, असं ऐकते. त्यांची नावं पटावर आहेत.

बाईंचा माझा फोन सुटला नाही. रस्त्याचा विषय मात्र आम्ही दोघींनी टाळला. गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या, तेव्हा एका दुपारी त्यांचाच फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता.

“पद्मा, एक विचारायचं राहिलंय,” त्या म्हणाल्या. “नदी तर कोरडी होती. मी उतरल्यावर बघितली की. मग तू लई आहे कशी म्हणालीस?”

मी जन्मात ‘लई’ म्हणत नाही, बँकेत फोनवर तसं बोललेलं चालत नाही. चार दिवस मी त्यांना बाईच म्हणत होते, ताई नाही. मी एवढंच म्हणाले की तुम्ही विचारलंत, आणि माझ्या तोंडून ते आलं.



“मी?” बाई म्हणाल्या. “मी तर तोंडच उघडलं नव्हतं, पोरी. झाडं आली तेव्हापासून माझी दातखीळ बसली होती. मला वाटलं, तू आपणहून बोललीस.”

महिन्याभरात बाई गेल्या.

बँकेच्या कामाने मला अधूनमधून त्या बाजूला जावं लागतं. एसटीत मी खिडकीशी बसते. नव्या पुलाआधी कंडक्टरला सांगून ठेवते, पूल आला की सांगा. त्याला वाटतं, आंधळ्या बाईला उगीच हौस. पूल आला की मी काच सरकवते आणि खाली कान देते. बहुतेक वेळा नदी कोरडीच असते. तरी पूल संपेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. कुणी विचारलंच, तर ऐकू यायला हवं.